सुईचं टोक शोधणारी शुभदा

वसंतरावांचा फोन आला तेव्हा मी कैऱ्या किसत होते. सकाळचे साडेनऊ-दहा वाजले असतील. "कुंदा वहिनी..." एवढंच म्हणून ते थांबले, आणि मी मेली माझ्या स्वभावाप्रमाणे सुरूच झाले. म्हटलं, बरं झालं तुम्हीच फोन केलात, सांगा तुमच्या बायकोला, शनिवारी येते म्हणाली आणि पत्ता नाही, छुंदा हवा असेल तर स्वतः येऊन न्यायचा, मी काही आलमबागेतून बरण्या पोचवत फिरणार नाही. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "वहिनी, शुभदा गेली हो. चहा पिता पिता गेली. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं." मला आधी रडू आलं नाही, राग आला. अगं, अशी न सांगता जातात का? साधा बाजारात निघालीस तरी तीनदा फोन करणारी तू! हे मी मोठ्यांदा किसणीला उद्देशून बोलले म्हणे. ह्यांनी बाहेरून ऐकलं, आत आले आणि माझ्या हातातली किसणी काढून घेतली.

त्याला आता सहा आठवडे झाले. रडून झालं, चिडून झालं. आणि आता तिच्याविषयी लिहायला बसले तर गंमत बघा, डोळे पुसायला सवड नाही, कारण शुभदा आठवली की आधी तिचा आवाज कानात येतो. चढा, घाईचा, पायऱ्यांवरूनच सुरू झालेला : "वहिनी, वहिनी, आधी इकडे या, गॅस बंद करा, बघा तर खरं!" पन्नाशी उलटलेली बाई, कॉलेजातली मोठी प्राध्यापक, आणि शोध लागला की तिचे दोन्ही पाय एका जागी ठरायचे नाहीत. माझ्या स्वयंपाकघरात तिने घातलेला धुमाकूळ लिहायचा तर ही पानं पुरायची नाहीत.

शुभदा विजेच्या इंजिनिअरिंगची प्राध्यापक. मूळची सांगलीची. दोन हजार सालानंतर लवकरच दोघं नवरा-बायको लखनऊला आले, वसंतराव एका संशोधन संस्थेत आणि ती कॉलेजात. आम्ही तेव्हा आलमबागेलगत मानक नगरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये होतो. रुळातली भेग रूळ न कापता बाहेरून कशी ओळखायची, हा ह्यांचा नोकरीतला प्रश्न, आणि तोच तिच्या अभ्यासाचा विषय. म्हणून ती एका रविवारी ह्यांच्याशी बोलायला आली, आणि जेवूनच गेली. पोळी खाता खाता मी विचारलं, "तू नक्की करतेस तरी काय गं?" तर म्हणाली, "न उघडता आत काय आहे ते ओळखते." म्हटलं, ते तर आमच्या शेजारच्या मिश्रीन बाईही करतात, पाकीट न उघडता. खो खो हसली, आणि पिशवीतून तारेचं एक वेटोळं, एक जुना ट्रान्झिस्टर आणि बॅटरी काढली. म्हणाली, "कपाटाची किल्ली कणकेच्या प्लास्टिकच्या डब्यात पुरा, आणि मला सांगू नका कुठे." मी मुद्दाम तांदळाच्या डब्यात पुरली. मी गणिताची मास्तरीण, मला कोण फसवणार! तिने वेटोळं कणकेवरून फिरवलं, खरखर तशीच. ते उचलून माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, मग शेजारच्या डब्यावर नेलं आणि ट्रान्झिस्टर किंचाळला. ह्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून ती मला वहिनी म्हणायला लागली, ह्यांना दादा, आणि आमच्या डोक्यावर बसली ती कायमची.

कॉलेजातलं तिचं काम मला फारसं कळलं नाही, पण तिचे रविवार मी जवळून पाहिले. बाकीचे प्राध्यापक रविवारी झोपतात. ही पिशवी खांद्याला लावून निघायची. कधी एखाद्या शाळेच्या अंगणात, कधी चौक नावाच्या जुन्या बाजारपेठेतल्या गल्लीत चाटवाल्याच्या बाकड्यावर, कधी ओसरीवर जमलेल्या बायकांसमोर. तारेची वेटोळी मांडायची आणि लोकांना शास्त्र दाखवायचं. हिंदी तिची अगदीच सांगलीची. "मेरा बॅटरी किधर गया" असं ती लखनऊच्या नवाबी लोकांसमोर बिनदिक्कत म्हणायची, आणि तेही इतके सभ्य की "तशरीफ़ रखिए, बैटरी भी मिल जाएगी" असं म्हणून बॅटरी शोधायला लागायचे. तिचा एक नियम मात्र पक्का होता. प्रयोग करण्याआधी सगळ्यांनी अंदाज सांगायचा, हात वर करून, मोठ्यांदा. नंतर "मला माहीतच होतं" म्हणायची सोय नाही. आणि स्वतःचा अंदाज चुकला की तीही तितक्याच मोठ्यांदा सांगायची : "मैं ग़लत हूँ. क्यों ग़लत हूँ, अब देखते हैं." मी वर्गात तीस वर्षं गणित शिकवलं, पण फळ्यावर चूक झाली तर हळूच पुसून टाकायची, अशी माझी जात. ही बाई चार लोकांत स्वतःची चूक पेढे वाटल्यासारखी वाटायची. मला तिचा हेवा वाटायचा, हे आज कबूल करते.

लखनऊजवळच्या आंब्यांच्या मलिहाबादला तर ती चक्क हरली, आणि हरण्यासाठी पुन्हा पुन्हा गेली. दशहरी आंब्यातून रेडिओच्या लहरी सोडून आतून तो खराब आहे की चांगला, हे सांगायचं तिच्या मनात भरलं होतं. एका म्हाताऱ्या बागवाल्यासमोर तिने यंत्र मांडलं. वीस आंबे. त्यांनी प्रत्येक आंबा तळहातावर तोलला, देठाशी वास घेतला, आणि दोन ढीग केले. तिने यंत्र लावून दोन ढीग केले. मग सगळे कापले... बागवाला एका आंब्यात चुकला, शुभदा सहा आंब्यांत. परतताना टेंपोत मी तिला धीर देऊ लागले, तर ही हरखलेली! "वहिनी, त्यांच्या नाकात काय आहे ते कळलं पाहिजे हो!" म्हटलं, आधी हात धू, सगळी साडी चिकट झालीय.

पण मला जे सांगायचंच आहे ते चौकातलं. दहा-बारा वर्षं झाली असतील त्याला. चौकातल्या एका गल्लीत रज़िया आपांचं घर आहे. वरच्या मजल्यावर एक लांबट खोली, खाली सतरंजी, आणि भिंतीला टेकून ओळीने बसलेल्या बारा बायका चिकनचं भरतकाम करणाऱ्या. शुभदाचे प्रयोग एकदा त्यांच्या ओसरीवर झाले होते, तेव्हापासून ओळख. त्या रविवारी आम्ही गेलो तर खोली गप्प. एरवी इतक्या गप्पा चालायच्या की बोलणाऱ्यांचे धागे एकमेकींत गुंतावेत. आपांनी चहा ठेवला आणि काय झालं ते सांगितलं. त्यांच्याकडे भरलेला एक लहान मुलीचा कुर्ता दिल्लीच्या दुकानातून परत आला होता. काखेजवळच्या गाठीत सुईचं मोडकं टोक राहिलं होतं, आणि त्याने पोरीला रक्त येईस्तोवर ओरखडा काढला होता. बारीक सुई, घट्ट गाठी, टोक मोडतं कधीकधी, आणि टाक्याच्या पोटात दडून बसतं. धुतलं, इस्त्री केली तरी दिसत नाही. काम देणारे व्यापारी इश्तियाक भाई म्हणाले होते, आणखी एक सुई निघाली तर लहान मुलांचं काम तुमच्या घरातून उचलून दुसऱ्या मोहल्ल्यात देईन. आणि त्या घरात बहुतेक काम लहान मुलांच्या कपड्यांचंच. "बारह औरतें हैं बहनजी," आपा म्हणाल्या, "ये कमरा बंद हुआ तो ये घर से निकलना ही भूल जाएँगी." शुभदाने चहाचा पेला खाली ठेवला. मी तिच्याकडे बघितलं आणि मनात म्हटलं, झालं, आता ही हो म्हणणार. "दो हफ़्ते दो," ती म्हणाली, "मैं सुई ढूँढने का मशीन बनाती."

गल्लीतून बाहेर पडताच मी तिला झापलं. "अगं, कबूल काय करतेस पटकन! जमलं नाही तर त्या बायकांचं काय?" म्हणाली, मोठ्या कारखान्यात असली यंत्रं असतात, सरकत्या पट्ट्यावर कपडा जातो. ती किमतीला अवाढव्य आणि या जिन्यातून वर चढणारही नाहीत. आपल्याला जमिनीवर बसून वापरता येईल असं लहान पाहिजे. तत्त्व तिने मला रिक्षातच समजावलं. एका वेटोळ्यातून वीज खेळवायची आणि जवळची दुसरी दोन वेटोळी अशी बसवायची की दोघांवरचा परिणाम बरोब्बर सारखा, तराजू समतोल, आवाज नाही. सुईचा एवढासा कण जवळ आला की तराजू ढळतो आणि शिट्टी वाजते. हा समतोल साधण्याला ती 'शून्य लावणं' म्हणायची. मग एकदम माझा हात धरून म्हणाली, "वहिनी, तुमचा तो चौरंग आहे ना, बिनखिळ्याचा?" मी म्हटलं, "खबरदार! सत्यनारायणाचा आहे तो." तिसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर चौरंग गायब. ह्यांनीच काढून दिला होता. लाकडी खुंट्यांनी जोडलेला, एकही खिळा नाही, आणि यंत्राला म्हणे धातू अजिबात चालत नव्हता. मी दोन दिवस दोघांशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तिच्या घरी डबा घेऊन गेले, तर माझ्या चौरंगाच्या पोटाखाली तारेची वेटोळी चिकटवलेली आणि ही जमिनीवर मांडी घालून, पाय चौरंगाखाली सरकवून, कानाला हेडफोन लावून शून्य लावतेय. मंगळसूत्र, कानातलं, घड्याळ, साडीची पिन, सगळं काढून वाटीत ठेवलेलं. जेवायला बस म्हटलं तर हात हलवून मला गप्प केलं.

दोन आठवड्यांनी आम्ही तो चौरंग घेऊन चौकात गेलो. इश्तियाक भाई स्वतः आले होते. पांढरा स्वच्छ कुर्ता, अत्तराचा वास, बोलणं लोण्यासारखं. शुभदा सतरंजीवर बसली, चौरंग पुढ्यात ओढला, पाय आत घेतले. एक साधा कपडा फिरवला, आवाज नाही. कपड्यात सुईचं टोक ठेवून फिरवलं... शिट्टी! बायकांनी "माशाअल्लाह" म्हणत टाळ्या पिटल्या. माझ्याही अंगावर काटा आला. मग शुभदा यंत्र बंद करून उठली आणि म्हणाली, "अब आपा बैठेंगी. मशीन आपा का है." आपांनी बांगड्या उतरवल्या, ओढणी सावरली, बसल्या. शुभदाने बटण दाबलं. अजून कपड्याला हातही लावला नव्हता तर यंत्र बोंबलायला लागलं. थांबेचना. शुभदाने त्यांना उठवलं, गप्प झालं नाही. स्वतः बसली, गप्प. दुसरी बाई बसवली, किंकाळी. तिसरी, किंकाळी. शुभदा बसली की गुणी बाळासारखं गप्प! एक बाई हळूच म्हणाली, "ये तो मैडम की वफ़ादार निकली," आणि हसू पिकलं, पण रज़िया आपा हसल्या नाहीत. इश्तियाक भाईंनी घसा साफ केला. "मैडम, बुरा न मानें तो अर्ज़ करूँ... मशीन अच्छी है, मगर आप तो रोज़ यहाँ बैठेंगी नहीं. अगले इतवार माल जाना है. तब तक हो जाए तो ठीक, वरना मैं मजबूर हूँ." शुभदा उभी राहिली. बारा जणी तिच्याकडे बघत होत्या. "मैं ग़लत हूँ," ती म्हणाली. एरवीसारखं पुढे काही म्हणाली नाही. कुठे चुकलं ते तिला ठाऊकच नव्हतं.

परतताना ती टेंपोत चौरंग उलटा मांडीवर घेऊन वेटोळी चाचपत बसली. आलमबाग आल्यावर एवढंच म्हणाली, "वहिनी, आपांचा चेहरा बघितलात?"

पुढचे तीन दिवस तिने तारा बदलल्या, बॅटरी बदलली, सोल्डर उकलून पुन्हा केलं. काही फरक नाही. गुरुवारी संध्याकाळी चौरंग घेऊन माझ्याकडेच आली, म्हणाली, घरी डोकं चालत नाही, तुमच्या हातचं काहीतरी खाऊ घाला. मी पोहे केले. ती यंत्रापुढे बसली, गप्प. मग म्हणाली, तुम्ही बसा. मी दागिने उतरवले, बसले. आणि काय! यंत्र गप्प! जराशी कुरकुर, बाकी शांत. ह्यांना हाक मारली. हे बसले तर पुन्हा तोच गोंधळ, शेजारच्या मिश्रीन बाई खिडकीत आल्या. मी म्हटलं, "शुभदा, तुझं यंत्र मराठी बायकांनाच ओळखतंय गं!" ती ओरडली, "थांबा थांबा! तुम्ही गणितवाल्या ना? सांगा, आपल्या दोघींत सारखं काय, जे दादांत नाही, आपांत नाही?" मी बोटं मोजायला लागले. साडी? तिने सलवार घालूनही करून बघितलं होतं. वजन? माझं दीडपट. दागिने? सगळे वाटीत. बोलता बोलता माझ्या पायाला मुंग्या आल्या, मी पाय चौरंगाखालून बाहेर काढले... आणि शिट्टी! "आत घ्या!" मी पाय आत घेतले, गप्प. "बाहेर!" शिट्टी. "आत!" गप्प. असं आठ-दहा वेळा झालं असेल. माझे गुडघे बोलायला लागले, आणि ती माझ्या पायांकडे टक लावून बघतेय. मग तिने कपाळावर अशी थाप मारली की ह्यांच्या हातातली बशी हलली. "जोडवी! अहो वहिनी, जोडवी!"

जोडवी! लग्नाच्या दिवशी पायात चढलेली चांदीची जोडवी. विजेच्या भाषेत म्हणजे धातूचं अखंड कडं, त्याच्याइतकं गडबड करणारं दुसरं काही नाही, हे ती पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवायची. आणि स्वतः मंगळसूत्र काढलं, पिन काढली, पण जोडवी कधी मनातसुद्धा आली नाहीत, कारण ती काढायची असतात हेच आपल्याला ठाऊक नसतं. ती पायाच्या बोटाचाच भाग होतात. चौरंगाखाली पाय घेऊन तिने शून्य लावलं ते त्या जोडव्यांसकट. जोडवी असली तरच तराजू समतोल! हसून हसून आमची मुरकुंडी वळली. हे म्हणाले, "एवढी पीएचडी आणि पायाखाली बघितलं नाही." ती म्हणाली, "दादा, हे मी शोधनिबंधात लिहिणार," आणि खरंच तिने पुढे ते परिषदेत जाहीर सांगितलं. मी मात्र जरा चाचरले. म्हटलं, सवाष्णीने जोडवी काढायची म्हणजे... तिने माझ्याकडे एक क्षण बघितलं आणि म्हणाली, "वहिनी, वसंत समजून घेईल. आपांचं घर समजून घेणार नाही." साबण लावून, तेल लावून ती जोडवी निघाली. बोटांवर पांढरे वळ उरले होते. तिने अनवाणी, मोकळ्या पायांनी पुन्हा शून्य लावलं. मग ह्यांना बसवलं. यंत्र गप्प. मला बसवलं, जोडवी काढून. गप्प. कपड्यात टोक ठेवलं, शिट्टी. तिने स्वयंपाकघरात उभ्याउभ्या गिरकी घेतली, आणि मी मिश्रीन बाईंना खिडकीतून पोहे दिले.

त्या रविवारी चौकातल्या त्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. गल्लीतली माणसं जिन्यावर बसली होती. इश्तियाक भाईंनी पन्नास कुर्त्यांची चळत आणली होती. त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं, एका कुर्त्यात आपल्या हाताने सुईचं टोक टोचून दडवलं, चळत हलवली आणि दार उघडलं. यंत्रापुढे शुभदा बसली नाही. आपाच बसल्या. शून्यही त्यांनीच लावलं, शुभदाने दोन दिवसांत शिकवलं तसं. एक कुर्ता, दोन कुर्ते, तीन... शुभदाने माझं मनगट इतकं आवळलं होतं की संध्याकाळपर्यंत वळ होता. बाराव्या की तेराव्या कुर्त्यावर शिट्टी वाजली. छातीवरच्या जाळीदार कामापाशी. खोलीभर "सुब्हानअल्लाह!" आणि इश्तियाक भाईंनी मान हलवली. "नहीं," ते म्हणाले, "मैंने इसमें नहीं रखी."

आपांचे हात चळतीवर तसेच थबकले. जिन्यावरून कुणी म्हणालं, "फिर चिल्लाने लगी." इश्तियाक भाई उठण्यासाठी चप्पल शोधू लागले. शुभदा म्हणाली, "एक मिनट. अंदाज़ बोलो सब. मशीन झूठा है या कुर्ते में सुई है? हाथ ऊपर." अशा वेळी! मी तिला चिमटा काढला. पण तिने हात वर करवलेच. यंत्र खोटं, असे खूप हात. सुई आहे, असा हात फक्त तिचा आणि, देव जाणे कसा, माझा. ती आपांच्या शेजारी बसली. दोघींनी तो कुर्ता फिरवून फिरवून बघितला, शिट्टी नेमकी कुठे जास्त वाजते ते बोटाने हेरलं. भरीव टाक्यांचं एक पान होतं. वरून गुळगुळीत. आपांनी अंगठ्याचं नख त्याच्यावरून फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग दाताने एक टाका तोडला. उलट्या बाजूच्या गाठीतून, मोहरीपेक्षा बारीक, काळं पडलेलं सुईचं टोक त्यांच्या तळहातावर आलं. कुणी ठेवलेलं नव्हतं ते. ते खरंच राहिलेलं होतं, आणि तो कुर्ता एवढ्याशा पोराच्या मापाचा होता.

इश्तियाक भाईंनी तो कण स्वतःच्या बोटावर घेतला, खिडकीपाशी जाऊन बघितला. परत आले आणि आपांपुढे हात जोडून म्हणाले, "आपा, ये कुर्ता तो आज मेरी दुकान से जाना था." त्यांनी ठेवलेली सुई अठ्ठेचाळिसाव्या कुर्त्यात सापडली, पण तिकडे कुणाचं लक्षच नव्हतं. बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या, शुभदा मधोमध बसून नाक पुसत होती आणि सांगत होती, "अरे रोती क्यूँ, मशीन को पानी नहीं लगना!" काम त्या घरातच राहिलं. पुढे इश्तियाक भाईंनी दुसऱ्या मोहल्ल्यांसाठीही तसे चौरंग करून मागितले. कॉलेजात मात्र काही जणांनी नाक मुरडलं. सुया शोधणं याला काय संशोधन म्हणायचं? तिने निबंध लिहिला आणि आभारांत पहिलं नाव रज़िया आपांचं घातलं.

ती गेल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी आपांना सांगायला कुणीतरी जायला हवं होतं. वसंतरावांना तेवढं बळ नव्हतं. म्हणून मी गेले. उन्हाची वेळ, गल्ली तापलेली, जिना चढताना गुडघे बोलत होते. वर तीच खोली, पण आता बायका दोन ओळींत बसतात, वीसेक तरी असतील. चौरंगापुढे एक तरणी बाई बसली होती, तिला मी ओळखत नव्हते. मी सांगितलं. आपांनी माझे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ धरून ठेवले. खोलीतल्या सुया थांबल्या. थोड्या वेळाने मी, काहीतरी बोलायचं म्हणून, विचारलं, "आता यंत्र बिघडलं, शून्य ढळलं तर कसं करणार? कॉलेजातून कुणाला पाठवायला सांगू का?" आपा डोळे पुसत म्हणाल्या, "शून्य तो बहनजी हम रोज़ सुबह ख़ुद लगाते हैं. तार टूटे तो ये शबनम जोड़ लेती है. मैडम दो साल से सिर्फ़ चाय पीने आती थीं."

मला तेव्हा कळलं की ती दर महिन्याला "चौकात काम आहे, यंत्र बघायला जाते" म्हणून माझा फोन कापायची ते काम काय होतं. लबाड कुठली! स्वतःची गरज उरू नये असं काम तिने करून ठेवलं होतं, आणि मग फुरसतीने चहा प्यायला जात होती.

आपा उठल्या. फळीवरून काचेची एक बरणी काढून त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली. निम्म्याहून जास्त भरलेली. काळी, तांबूस, गंजलेली सुयांची टोकं. गेल्या दहा वर्षांत त्या चौरंगाने पकडलेलं एकूण एक. "मैडम ने कहा था, फेंकना मत. सबसे नीचे वही पहली वाली है." मी बरणी उचलून बघितली. जड होती. तीस वर्षं मी आकडे शिकवले, पण मोजायला सुरुवात करण्याची हिंमत झाली नाही. एकेका टोकामागे कुठल्यातरी शहरातलं एक मूल, ज्याला काहीच झालं नाही. काहीच न झालेली ती सगळी पोरं... त्यांच्या आयांना शुभदा कोण हे कधीच कळणार नाही. आणि मग मी रडले, मोठ्यांदा, लाज सोडून, सहा आठवड्यांतलं खरं रडणं तेवढंच.

आम्ही सगळ्या रडत होतो तेव्हा शिट्टी वाजली. शबनमने सवयीने पुढचा कपडा घेतला होता, बाळाचं झबलं. तिने डोळे बाहीला पुसले, नखाने गाठ चाचपली, टाका तोडला आणि तळहात माझ्यापुढे धरला. मी बरणीचं झाकण फिरवून उघडलं. तिने ते टोक आत टाकलं, आणि पुढचं झबलं उचललं.